होई आन : व्यापार गेला, घरे राहिली

परदेशप्रवासाचा बेत आपल्या घरांत ठरतो तेव्हा स्थळांची चर्चा मागाहून होते. पहिला प्रश्न असतो तो खाण्यापिण्याचा. व्हिएतनामचे नाव निघाले तेव्हा आमच्याकडेही तेच घडले. ‘समुद्रकाठचा देश, तिथे भाजीच्या रश्शातसुद्धा मासळीचा अर्क; आईला कशाला नेता?’ असे घरातील जाणत्यांचे मत पडले. ते निराधार नव्हते. मासे मिठात मुरवून काढलेले ‘नुक माम’ नावाचे पाणी तिथल्या स्वयंपाकात आपल्याकडच्या मिठाइतक्या सहजतेने वापरले जाते. आणि आईचे वय ७४. चाळीस वर्षांहून अधिक काळ तिचा चौविहार आहे आणि कंदमूळ तिने कधीच सोडले आहे. ती स्वतः मात्र शांत होती. तिने एवढेच विचारले, “तिथे तिथी कळेल ना?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कुणापाशीही नव्हते. ते होई आनला पोहोचल्यावर मिळाले.

मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर दा नांग हे मोठे बंदर आहे आणि त्याच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, थू बोन नदीच्या मुखाजवळ, होई आन हे जुने गाव आहे. गावाला स्वतःचा विमानतळ नाही. दा नांगला उतरून मोटारीने जावे लागते. हा सारा मुलूख पूर्वी क्वांग नाम प्रांतात होता. जुलै २०२५ पासून तो दा नांग महानगरात सामील झाला आहे. भारतीयांना व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो. फेब्रुवारी ते ऑगस्ट हे महिने प्रवासास बरे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र नदी गावात शिरते, तेव्हा जाऊ नये.

आम्ही माघ शुद्ध त्रयोदशीला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून हिंडताना जवळजवळ प्रत्येक दुकानापुढे छोटे मेज मांडून त्यावर फुले, फळे आणि उदबत्त्या ठेवलेल्या दिसल्या. आज काय आहे म्हणून विचारता हॉटेलातील मुलीने सांगितले की, आज चांद्रमासाची चौदावी तिथी, उद्या पौर्णिमा. या दिवसांत घरोघर पूजा होते आणि पुष्कळ लोक मांसमत्स्य वर्ज्य करतात. त्यांचे पारंपरिक पंचांग अमावास्येपासून महिना मोजते, म्हणून त्यांची चौदावी तिथी ती जवळजवळ आपली शुद्ध चतुर्दशी. त्यातही त्यांच्या पहिल्या महिन्याची पौर्णिमा, म्हणजे साधारणतः आपली माघ पौर्णिमा, वर्षातील सर्वांत मोठी मानली जाते. आईचा चेहरा उजळला. तीन हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावर, भाषेचे एक अक्षर ठाऊक नसलेल्या गावात, तिची चतुर्दशी सारा बाजार पाळत होता.

शाकाहाराला त्यांच्या भाषेत ‘चाय’ म्हणतात, यावरून पहिल्या दिवशी थोडा घोळ झाला. सासरेबुवांनी चहा म्हणून मागितला आणि समोर टोफूची थाळी आली! पण हाच शब्द पुढे आमच्या कामी आला. ज्या उपाहारगृहाच्या पाटीवर तो असेल तिथे मासळीच्या पाण्याऐवजी सोयाबीनचा किंवा अननसाचा रस वापरतात. इतकेच नव्हे, तर तिथल्या बौद्ध परंपरेत भिक्षू आणि निष्ठावान उपासक कांदा, लसूण आणि तत्सम उग्र वस्तूही टाळतात. त्यामुळे ‘खोंग हान, खोंग तॉय’, म्हणजे कांदा नको, लसूण नको, असे म्हटल्यावर कुणी आपल्याकडे विचित्र नजरेने पाहत नाही. कंदमुळाचे मात्र त्यांना समजत नाही. गाजर-बटाटा वेगळा सांगावा लागतो. चाय पदार्थांत अळंबी सढळ हाताने घालतात, मोड आलेली कडधान्येही असतात. ज्यांना ती चालत नाहीत त्यांनी तसे सांगावे. अंडे काही ठिकाणी चाय समजले जाते, तेव्हा तेही विचारावे. उच्चारांवर विसंबू नये, कारण सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. हॉटेलातून एक चिठ्ठी त्यांच्या लिपीत लिहून घ्यावी आणि ती दाखवावी. आणखी एक सूचना : फेब्रुवारीत तिथे घड्याळात सहा वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. संध्याकाळचे जेवण पाचला सांगून ठेवले तरच चौविहार सांभाळतो.

आता गावाविषयी. पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत होई आन हे दक्षिण चिनी समुद्रावरील एक भरभराटीचे बंदर होते. युरोपीय व्यापारी त्याला ‘फायफो’ म्हणत. रेशीम, चिनी मातीची भांडी, मिरी, साखर आणि अगरू यांचे व्यवहार येथे चालत. हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यावर चिनी आणि जपानी गलबते येत आणि उन्हाळ्यात वारा फिरला की परतत. मधल्या काळात माल विकायचा, नवा भरायचा, तर राहायला घर हवे, वखार हवी, आपल्या गावचा माणूस हवा. त्यातून पेठा वसल्या. पुढे नदीचे मुख गाळाने भरत गेले, मोठी जहाजे दा नांगकडे वळली, आणि १८८८ मध्ये दा नांग फ्रेंचांच्या ताब्यात गेल्यावर होई आनचा व्यापार बसला. पैसा गेला म्हणून जुनी घरे पाडून नवी बांधण्याची ऐपतही गेली. मंदीने गाव वाचवले, असे म्हणावे लागते. १९९९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

या घरांपैकी ‘तान की’ हे घर अवश्य पाहावे. एका व्यापारी घराण्याच्या सात पिढ्या येथे नांदल्या. पुढचा दरवाजा बाजारपेठेत, मागचा थेट नदीवर. मागून माल येई, पुढून विके. लाकडी खांब, मधोमध उघडा चौक, चौकाभोवती बैठक. आपल्या जुन्या पेढीची आठवण कुणालाही व्हावी. भिंतीवर कोणकोणत्या सालच्या पुराचे पाणी कुठवर चढले त्याच्या खुणा आहेत. १९६४ ची खूण माणसाच्या डोक्यावर जाते. शेजारच्या दुसऱ्या एका जुन्या घरात तर माडीच्या तक्तपोशीत झडप आहे. पूर आला की त्यातून माल वर ओढून घेत. नुकसान गृहीत धरून बांधलेली ही घरे आहेत.

तान कीमध्ये एक चिनी पेलाही दाखवतात. त्याला कन्फ्यूशियसचा पेला म्हणतात. पाणी ओतत गेले की सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत तो धरून ठेवतो. त्याहून थेंबभर अधिक घातले की सगळेच्या सगळे पाणी तळातून वाहून जाते. आत मध्यभागी एक वाकडी नळी दडवलेली असते. पाणी तिच्या वळणावर चढले की ती सारे खेचून घेते. आईने दोनदा पाणी ओतायला लावून पाहिले आणि म्हणाली, “परिग्रहपरिमाण.” मी काही बोललो नाही. आमच्या गावातील आजोबांची पेढी विकासकाला देण्याचा करार त्या वेळी माझ्याच कपाटात सहीविना पडून होता. चार भावांचे चार विचार होते, आणि सर्वांत उतावीळ मी होतो.

गावात चिनी व्यापाऱ्यांनी आपापल्या प्रांतवार बांधलेली सभागृहे आहेत : फूच्येनची, क्वांगतुंगची, हाइनानची. आपल्या समाजाच्या धर्मशाळा, वाडी आणि पांजरपोळ ज्या भावनेने उभ्या राहिल्या त्याच भावनेने ही उभी राहिली. परगावी आलेल्या आपल्या माणसाला उतरायला जागा, देवाला हात जोडायला देव्हारा आणि अडचणीला चार हात. फूच्येनचे सभागृह सर्वांत भव्य आहे. समुद्रावर खलाशांचे रक्षण करणाऱ्या देवीचे ते स्थान. गर्दीही तिथेच असते.

हाइनानचे सभागृह त्या मानाने साधे, आणि आम्ही गेलो तेव्हा रिकामे होते. ते १०८ व्यापाऱ्यांच्या स्मरणार्थ आहे. १८५१ मध्ये हाइनानहून आलेल्या या व्यापाऱ्यांची गलबते गस्तीवरील व्हिएतनामी आरमाराच्या लोकांनी अडवली, माल लुटला, त्यांना ठार केले आणि समुद्री चाचे होते म्हणून वर कळवले. सत्य बाहेर आले तेव्हा तु डुक सम्राटाने त्यांचे निर्दोषत्व मान्य करून त्यांना सन्मान दिला. मारेकऱ्यांना शिक्षा झाली. पण जे गेले ते गेले; ज्यांच्या घरी चार-सहा महिने वाट पाहिली गेली असेल, त्यांना बातमी कधी आणि कशी पोहोचली असेल, याचा विचार मनात येतो. आपल्यापैकी किती घरांतले पूर्वज असेच वाटेवर गेले, ठगांच्या हाती, तापाने, नावेत. त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

आकडा ऐकताच आईने पिशवीतून माळ काढली. पंचपरमेष्ठींच्या १०८ गुणांची ती माळ. सभागृहाच्या उंबऱ्याबाहेर, कडेच्या बाकावर बसून तिने पूर्ण एक माळ नवकाराची केली. वीस-पंचवीस मिनिटे लागली असतील. व्यवस्था पाहणारा म्हातारा प्रथम दुरून पाहत राहिला; मग त्याने आतला पंखा आणून तिच्याकडे तोंड करून लावला. आईने हातानेच नको म्हटले आणि तो बंद करायला लावला. तो कुठे निघून गेला आणि माळ संपेपर्यंत परतला नाही.

जपानी पूल मात्र मला फोटोंतच अधिक आवडला. प्रत्यक्षात तो लहान आहे आणि त्यावर पाय ठेवायला जागा नसते. तो जपानी व्यापाऱ्यांनी बांधला, १७१९ मध्ये तेथील अधिपतीने त्याला ‘दुरून येणाऱ्यांचा पूल’ असे नाव दिले, आणि आज तो २०,००० डाँगच्या नोटेवर आहे. जपानने आपल्या लोकांना परदेशी जाण्यास बंदी केल्यावर ती वसाहत विरून गेली. गावाबाहेर भातशेतात तानी याजिरोबेई या जपानी व्यापाऱ्याची १६४७ ची समाधी आहे. तो मायदेशी निघाला होता, पण येथील वाग्दत्त वधूसाठी परत आला, अशी कथा सांगतात. समाधीचे तोंड जपानच्या दिशेला आहे.

होई आनहून सुमारे ४० किलोमीटरवर डोंगरांच्या खोऱ्यात मि सन येथे चंपा राज्याची शिवमंदिरे आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने येथे भद्रेश्वराची स्थापना केली. शिलालेख संस्कृतात आहेत. या प्रदेशाचे नाव अमरावती आणि राजधानीचे सिंहपूर. जैन अवशेषांच्या अपेक्षेने कुणी जाऊ नये, हे शैव क्षेत्र आहे. विटा इतक्या घट्ट बसवल्या आहेत की सांध्यात चुना दिसत नाही. १९६९ मधील अमेरिकी बॉम्बफेकीत येथील सर्वांत मोठे मंदिर जमीनदोस्त झाले. बॉम्बचे खड्डे अजून तसेच आहेत. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने येथे काही मंदिरसमूहांचे जतन केले आणि त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातील अखंड शिवलिंग सापडले. सकाळी सातपूर्वी निघावे. दहानंतर ऊन असह्य होते.

दा नांगजवळच्या संगमरवरी टेकड्या, त्यांतील गुहामंदिरे आणि पायथ्याचे मूर्तिकारांचे गाव पाहण्यासारखे आहे. वृद्धांसाठी लिफ्ट आहे. टेकड्यांतून दगड काढणे आता बंद असून कारागीर बाहेरून दगड आणतात. बा ना टेकडीवरील, दगडी हातांवर तोललेला २०१८ चा सोनेरी पूल मुलांना आवडला. मला तो एक दिवस वाया गेल्यासारखा वाटला.

चतुर्दशीच्या रात्री होई आनच्या जुन्या पेठेत विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. आईचे पाणीही संपले होते, प्रतिक्रमण झाले होते. केवळ पाहायला म्हणून ती खाली आली. नदीकाठी एक म्हातारी कागदी द्रोणात मेणबत्ती लावून पाण्यात सोडण्यासाठी विकत होती. आईने मान हलवली. पाण्यात ज्योत सोडायची, किडेमुंग्या तिच्यावर येणार. तिला ते जमणारे नव्हते. पण म्हातारीच्या टोपलीकडे पाहून तिने मला पैसे द्यायला सांगितले, आणि आम्ही द्रोण न घेताच पुढे निघालो. पन्नास पावलेही गेलो नसू, म्हातारी धापा टाकत मागून आली. तिने पैसे परत पुढे केले. आई घेईना. दोघींचे आपापल्या भाषेत बराच वेळ चालले. शेवटी म्हातारीने एका द्रोणातली मेणबत्ती काढून टाकली, तो कमळाच्या आकाराचा रिकामा कागद नीट घडी केला आणि आईच्या हातात ठेवला.

तो आता आईच्या स्वाध्यायाच्या पोथीत आहे. करारावर अजून सही झालेली नाही.