गोठ्यावरून आलेली वायर

संगणकाची वायर बिघडली, त्यात आपल्या साप्ताहिकात लिहिण्याजोगे काय, असे काही भगिनींना वाटेल. पण आता सातबारा त्या वायरीतून येतो, पीक विम्याचा अर्ज त्याच वायरीतून जातो, लेकराबाळांचे निकाल आणि शिष्यवृत्तीचे अर्जही तिच्यातूनच. मोटार पाणी उचलेनाशी झाली तर आपण घरचे चार जण उभे राहून खोट शोधतो. ही वायर मुकी झाली की मात्र हात टेकतो आणि दुकानदार सांगेल ते पैसे मोजतो. म्हणून लिहावेसे वाटले.

आमचे गाव वाशिम जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यात, शिरपूर जैनच्या बाजूला. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला, तेव्हा आमचे घर एकत्र होते. घराच्या वाटण्या २०१९ साली झाल्या. मोठे भासरे जुन्या वाड्यात राहिले, आम्ही गोठ्यापलीकडे नवी दोन खणांची जागा बांधली. चूल वेगळी, शेत वेगळे; विहीर तेवढी पाळीने सामाईक. त्यानंतर दुसरी सामाईक गोष्ट आली ती इंटरनेटची. काचेच्या तारेचे कनेक्शन भासऱ्यांच्या ओसरीत आले, त्याचा पांढरा डबा त्यांच्या भिंतीवर बसला. तिथून एक वायर गोठ्याच्या आढ्यावरून आमच्या मागच्या खोलीत ओढली. बिल निम्मे-निम्मे. वाटण्या झालेल्या घरात अशी गोष्ट किती जपावी लागते, हे ज्यांच्या घरी वाटण्या झाल्या त्यांना सांगायला नको.

आमच्याकडचा संगणक २०१३ चा. भासऱ्यांनीच तो त्यांच्या मुलासाठी घेतला होता. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि संगणक आमच्या लेकीकडे आला. तो इतका मंद झाला होता की सुरू करून चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तरी याचे आपले गोल फिरणे चालूच. लेक तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिने दिवाळीच्या सुट्टीत त्यावर लिनक्स चढवले. जुन्या यंत्रावरही ते हलके चालते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. भासऱ्यांना मात्र हे रुचले नव्हते. लेक त्यांना मोठे बाबा म्हणते. ते म्हणाले होते, "फुकटचं थे फुकटचंच राह्यते, पोरी. चांगला होता न संगणक?"

२०२४ च्या जुलैत ते बोलणे पुन्हा वर आले. पाऊस लागून राहिला होता. एक रुपयात पीक विमा होता त्या काळातली ही गोष्ट, आणि शेवटची तारीख १५ जुलै जाहीर झालेली होती. (पुढे ती ३१ जुलैपर्यंत वाढली, पण त्या दिवशी ते कोणाला ठाऊक?) सोयाबीन आणि तूर मिळून दोन्ही घरांचे अर्ज आमची लेकच भरणार होती. सातबारा, बँकेचे पासबुक, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र, सगळे तिने संगणकात घालून ठेवले होते. मोबाइलला आमच्या खोलीत जेमतेम एक रेघ. आणि मुदतीला दोन दिवस उरले असताना संगणकाचे नेट बंद पडले. पडद्यावर "जोडले" असे यायचे, की लगेच "तुटले".

दुसऱ्या दिवशी सकाळी एका दुकानातला माणूस आला. त्याने वायर काढून आपल्या लॅपटॉपला लावली. नेट धडाधड सुरू. तो म्हणाला, वायर ठणठणीत आहे, दोष तुमच्या लिनक्सचा. ते पुसून जुनी व्यवस्था टाका, शिवाय नवे कार्ड बसवा, साडेतीन हजार होतील. एवढे सांगून तो गेला.

भासरे तिथेच उभे होते. "लॅपटॉपवर चाललं न माह्या डोयासमोर! आता काय राह्यलं सांगाचं? या संगणकानंच आमचंबी नेट हळू चालते म्हणतो मी. काढून टाका थे वायर."

आमच्याकडे भासऱ्यांपुढे सुनेने बोलायची रीत नव्हती. आता ती थोडी सैल झाली आहे, पण मी अजूनही डोक्यावर पदर घेऊन, लेकीकडे तोंड करूनच बोलते. मी लेकीला म्हटले, "मोठ्या बाबांना विचार, आजची रात्र थांबता येईल का?" ते काही बोलले नाहीत. नाही म्हणाले नाहीत, म्हणजे हो, असा आम्ही अर्थ घेतला.

आता लेकीने काय केले ते सविस्तर सांगते, कारण कामाची गोष्ट तीच आहे.

संगणकाच्या पाठीमागे जिथे वायर बसते तिथे बारीक दिवा असतो. तो मुळीच लागत नसेल, तर दोन टोकांत वीज पोचतच नाही. खटका, खुंटी, वायर, डबा यांतच कुठेतरी खोट. तो स्थिर लागला आणि तरी नेट नाही, तर दोष पुढचा. मग संगणकाला डब्याकडून पत्ता मिळाला का ते पाहायचे. आयपी म्हणतात तो आकड्यांचा पत्ता, घरोघरी बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. पत्ता मिळाला असेल तर "पिंग" नावाच्या आज्ञेने आधी डब्याला हाक मारायची, डब्याने ओ दिली तर बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, आणि शेवटी नावाने. आकड्याला ओ येते पण नावाला येत नाही, असे झाले तर नावाचा आकडा करून देणारी सोय बिघडली समजावे. पाट कुठे फुटला ते आपण असेच पाहतो: शेतात पाणी नाही तर चारी पाहा, चारीत नाही तर पाट पाहा. एकदम धरणावर जात नाही.

आमचा दिवा मात्र लागत-विझत होता. लेकीने लिनक्सची रोजनिशी उघडली. "डीमेसेज" अशी आज्ञा दिली की संगणकाला काय काय घडल्याचे कळले ते ओळीने दिसते. मला लिनक्सचा हा गुण फार आवडला. ते लपवत नाही. तिथे एकाखाली एक ओळी होत्या: जोड लागली, जोड तुटली, जोड लागली, जोड तुटली, दर काही सेकंदांनी.

मग तिने ठरवले की संगणकच उचलून डब्याजवळ न्यायचा. प्लॅस्टिकच्या कागदाखाली, पावसातून, ह्यांनी आणि तिने तो भासऱ्यांच्या ओसरीत नेला, आणि हातभर लांबीची दुसरी वायर लावली. नेट सुरू! मी लगेच म्हटले, "आधी विमा, मग खोट." ओसरीत खाली बसून तिने दोन्ही घरांचे अर्ज भरले. विम्याची साइट त्या दिवसांत इतकी जड चालायची की रात्रीचे अकरा झाले. पावत्या हाती आल्यावर जाऊबाईंनी सगळ्यांना चहा केला. वाटणीनंतर त्या ओसरीत आम्ही सगळे इतका वेळ बसल्याचे मला आठवत नाही.

पण कोडे सुटले नव्हते, उलट घट्ट झाले होते. लांब वायरीवर लॅपटॉप चालतो, म्हणजे वायर चांगली. आखूड वायरीवर संगणक चालतो, म्हणजे संगणक चांगला आणि लिनक्सही चांगले. मग दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या की का चालत नाहीत? भासरे जागेच होते. त्यांनाही आता चैन पडेना.

लेकीने रोजनिशी पुन्हा वाचली. आखूड वायरीवर एक आकडा होता: १०००. म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचा वेग. तिने सांगितले ते असे. या वायरीच्या पोटात आठ तारा असतात, दोन-दोन वळून केलेल्या चार जोड्या. (दोराला पीळ देतात तसा पीळ, पण बळासाठी नव्हे, पिळामुळे बाहेरच्या विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडून कटतो. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने याचे पेटंट १८८१ सालीच घेतले होते.) शंभरच्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. हजारच्या वेगाला चारही लागतात. आता गंमत अशी की दोन टोके आधी एकमेकांशी बोलून वेग ठरवतात, आणि ते बोलणे होते नारिंगी-हिरव्या जोडीवरूनच. दोघेही म्हणतात, मला हजार जमते. मग चारही जोड्यांवरून धावू जातात आणि एखादी जोडी तुटकी निघाली की पडतात. पुन्हा उठतात, पुन्हा तेच ठरवतात, पुन्हा पडतात. काही कार्डांना दोन-चारदा पडल्यावर आपणहून शंभरवर उतरायची अक्कल असते. दुकानदाराच्या लॅपटॉपला ती होती, आमच्या जुन्या कार्डाला नव्हती.

भासऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे पाच एचपीची मोटार जुन्या पाइपावर लावली, अन् जोड उडाला. तीनची चालते त्याच पाइपावर." लेक म्हणाली, "हो मोठे बाबा, अगदी तसंच." मला स्वतःला त्या पिळाच्या आणि जोड्यांच्या बोलण्यापेक्षा हे चटकन कळले.

सकाळी संगणक परत आमच्या खोलीत आणला, लांब वायर लावली, आणि लेकीने "ईथटूल" नावाच्या आज्ञेने कार्डाला बजावले की समोरच्याशी बोलताना फक्त शंभरच सांग, हजारचे नाव काढू नको. दिवा लागला तो लागलाच. नेट सुरू. आमचे कनेक्शनच मुळात ४० मेगाबिटचे. "मंग हजारची उडी कायले मारत होता थो?" असे भासरे म्हणाले, आणि त्यावर उत्तर नव्हते.

ही सोय तात्पुरती होती. संगणक बंद करून सुरू केला की आज्ञा पुन्हा द्यावी लागे. खरी खोट अजून वायरीतच होती. ह्यांनी बॅटरी घेऊन आढ्यावरून हात फिरवत वायर तपासली. गोठ्याच्या कोपऱ्यात कुटाराच्या ढिगामागे, आणि तिथेच आम्ही भावासाठी ठेवलेली सोयाबीनची पोती, उंदरांनी वायर कुरतडलेली निघाली. तपकिरी जोडी पार तुटलेली, निळीचे कातडे सोललेले, नारिंगी आणि हिरवी शाबूत. लेकीने रात्री कागदावर मांडले होते तसेच. (सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामाला क्विंटलमागे ४,६०० होता आणि बाजारात त्याच्या खाली भाव, म्हणून पोती घरात. उंदरांनी मात्र भावाची वाट पाहिली नाही.)

मधे गाठ मारून, चिकटपट्टी लावून भागवावे असे ह्यांच्या मनात होते. मोटारीच्या वायरीला आपण तसे करतो. इथे ते टिकत नाही, पीळ उसवला की गोंगाट शिरतो. म्हणून नवी वायर आणली. अशी वायर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १०० मीटरपेक्षा लांब नसावी. आमची चाळीसच्या आत आहे. दोन्ही टोकांना खुंट्या बसवताना रंगांचा क्रम सारखा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. लेकीने तो माझ्याकडून पाठ म्हणवून घेतला आणि मी बोलत गेले तशा तिने तारा लावल्या. या वेळी वायर प्लॅस्टिकच्या नळीतून घेतली. आणि विजा कडाडू लागल्या की दोन्ही टोकांनी वायर काढून ठेवायची, हे ठरले. तांब्याच्या लांब वायरीतून झटका आला की कार्ड आणि डबा दोन्ही जातात.

लिनक्सबद्दल एक शब्द लिहिते, कारण दोष त्याच्याच माथी आला होता. लायनस टॉरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ते सुरू केले, आणि तेव्हापासून जगभरची माणसे त्यात भर घालत आली आहेत. आपल्या पुण्याच्या सी-डॅकनेही "बॉस" नावाची त्याची भारतीय आवृत्ती काढली आहे. लेकीने हे सांगितल्यावर भासऱ्यांनी मान हलवली नाही. पण तिने त्यांच्या हातातला मोबाइल दाखवून म्हटले, "मोठे बाबा, याच्या पोटातबी लिनक्सच हाय," तेव्हा त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला.

नव्या वायरीचे पैसे त्यांनी निम्मे दिले. आम्ही मागितले नव्हते. जुनी वायर फेकू दिली नाही. तिचे चांगले तुकडे कापून त्यांनी परसातल्या दोडक्याच्या वेलाचा मांडव बांधला, आणि कुटाराचा ढीग गोठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला.