सेवेची प्रत आणि गिरगावचा ग्राहक

सेवेची प्रत ही कापडाच्या किंवा धान्याच्या प्रतीसारखी हाताने चाचपून ठरवता येत नाही, कारण सेवा दिली जाते त्याच क्षणी ती संपते आणि मागे उरते ते केवळ ग्राहकाच्या मनातील तिचे मूल्यमापन. हे मूल्यमापन मोजण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न परशुरामन, झाइथामल आणि बेरी या अमेरिकेतील तीन अभ्यासकांनी केला. ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव यांतील तफावत म्हणजे सेवेची प्रत, अशी मांडणी त्यांनी 1985 साली केली आणि 1988 साली 22 विधानांची ‘सर्व्हक्वाल’ ही मोजपट्टी तयार केली. तिचे पाच घटक आहेत: जागा, सामग्री, पोशाख अशा डोळ्यांना दिसणाऱ्या बाबी, दिलेला शब्द पाळला जाण्याचा भरवसा, तत्परता, सेवकाचे ज्ञान व सौजन्य यांमुळे वाटणारी निर्धास्तता, आणि प्रत्येक ग्राहकाकडे व्यक्तिशः पुरवले जाणारे लक्ष, म्हणजे आत्मीयता. ही मोजपट्टी अमेरिकेतील बँका, क्रेडिट कार्ड कंपन्या, दुरुस्ती सेवा यांच्या ग्राहकांवर पारखली गेली आणि तेथून ती जगभर पसरली. हे पाच घटक मुंबईच्या गिरगावातही लागू पडतात. मात्र कोणत्या गोष्टीला कोणत्या घटकाची खूण मानायचे, हे येथील ग्राहक स्वतःच्या रीतीने ठरवतो, आणि मोजपट्टी फसते ती नेमकी तेथेच.

कोकणातून आलेले, कुटुंब गावी ठेवून चाळीत राहणारे कारकून आणि कामगार यांच्या आधारावर गिरगावातील खाणावळी उभ्या राहिल्या. महिन्याचे पैसे भरून जेवणारा ‘मेंबर’ हा त्यांचा मुख्य ग्राहक होता, आणि त्याच्या खुर्चीमागे पुढचा मेंबर ताटकळत उभा असे. खोताच्या वाडीतील, आता बंद झालेले अनंताश्रम जसे माशांच्या जेवणासाठी ख्यातनाम होते, तसेच ते वाढप्यांच्या तुटक बोलण्यासाठीही होते. परक्या निरीक्षकाने येथे सौजन्याच्या रकान्यात शून्य भरले असते. नेहमीच्या ग्राहकाला मात्र हा करडेपणा सर्वांना सारखाच वाट्याला येतो याचे समाधान होते, कारण पंक्तिप्रपंच नाही, साहेबाला मोठी तुकडी आणि शिपायाला शेपूट असा भेद नाही, ही त्याच्या दृष्टीने वागणुकीची पहिली अट होती. दीड-दोन वाजता ‘संपलं’ असे सांगितले जाणे ही प्रश्नावलीनुसार उणीव ठरते; परंतु मासे खाणाऱ्या माणसाच्या लेखी सकाळचे संध्याकाळी खपवले जात नाही याची याहून चांगली ग्वाही नसते. गिरणगावात तर गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका महिनाभर उधारीवर अन्न देत आणि पगाराच्या दिवशी हिशेब होई. याच बायकांची संघटना म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. येथे भरवसा दुहेरी होता, आणि सर्व्हक्वालमध्ये सेवा देणाऱ्याने ग्राहकावर ठेवलेल्या विश्वासासाठी एकही विधान नाही.

संस्कृतीचा हा प्रभाव अभ्यासकांच्या नजरेतून सुटला होता असे नाही. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेडे यांनी आयबीएम कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून 1980 साली संस्कृतीच्या तुलनेची परिमाणे मांडली. त्यांपैकी ‘सत्ता-अंतर’, म्हणजे समाजातील उच्चनीचता लोक कितपत स्वाभाविक मानतात याचा निर्देशांक, भारतासाठी 77 आणि ब्रिटनसाठी 35 आहे. पुढे दोंथू आणि यू यांनी 1998 साली दाखवले की, सत्ता-अंतर कमी मानणाऱ्या ग्राहकांच्या सेवेकडून एकंदर अपेक्षा अधिक असतात. यावरून भारतीय ग्राहक अल्पसंतुष्ट आहे असा निष्कर्ष सहज काढला जातो, आणि तो उथळ आहे; खाणावळीचा मेंबर वाढप्याच्या हसण्याबाबत उदासीन असला, तरी आमटीच्या चवीबाबत आणि ताटाच्या वेळेबाबत तो अत्यंत कठोर असे. शिवाय एका संगणक कंपनीच्या नोकरदारांवरून काढलेली राष्ट्रीय सरासरी गिरगावच्या एका गल्लीलाही पुरत नाही, कारण पाठारे प्रभू, सारस्वत, गुजराती व्यापारी आणि खोताच्या वाडीतील ख्रिस्ती कुटुंबे एकाच परिसरात राहत आली असून, पाहुणचार आणि पथ्य यांबाबत त्यांच्या कल्पना एकसारख्या नाहीत.

आत्मीयता या घटकाचा प्रश्न तर अधिक नाजूक आहे. ग्राहकाचे नाव, गाव, कुळ विचारणे ही एकाला आपुलकी वाटते, तर दुसऱ्याला ती जातीची चौकशी वाटते, आणि मुंबईच्या इतिहासात ती अनेकदा तशीच होती. उपाहारगृहांतही जातीपातीचे सोवळे-ओवळे पाळले जाण्याच्या काळात, कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलात कोणीही जाऊन संगमरवरी टेबलावर चहा आणि ब्रून-मस्का मागवू शकत असे. इराण्याच्या भिंतीवर मनाईच्या सूचनांची रांग असे, इतकी की धोबी तलावच्या ‘बस्तानी’ या इराणी हॉटेलातील सूचनांवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता रचली. मालकही फारसा बोलका नसे. परंतु ज्याला इतरत्र उंबऱ्याशीच अडवले जाई, त्याच्यासाठी ही अलिप्तता म्हणजेच सन्मान होता. व्यक्तिशः लक्ष जितके अधिक तितकी सेवा उत्तम, हे गृहीतक ज्या समाजात ओळख सांगण्याची किंमत मोजावी लागत नाही अशाच समाजात सुचू शकते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

याच्या उलट टोकाला याच परिसरातील सहकारी पतसंस्था येतात. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी 1906 साली आपल्या सारस्वत ज्ञातिबांधवांसाठी शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था उभारली, आणि 1918 साली सारस्वत बँकेची मूळ संस्था स्थापन झाली. येथे ओळख हेच तारण होते. जामीनदार ओळखीचा, कर्जदार ओळखीचा, आणि कर्ज बुडवणाऱ्याला उद्या लग्नकार्यात त्याच लोकांसमोर उभे राहायचे असे. अशा ग्राहकाला काउंटरवरचा अनोळखी, नम्र, गणवेशातला तरुण निर्धास्त करू शकत नाही. त्याला निर्धास्त करतो तो त्याच्या वडिलांचे खाते आठवणारा जुना कर्मचारी. दोन्ही बँकांचे दरवाजे आता सर्वांना खुले आहेत, पण म्हणून जुन्या ठेवीदाराची अपेक्षा बदललेली नाही.

चाळींच्या जागी मनोरे उभे राहत असताना गिरगावचा ग्राहक बदलतो आहे, आणि तारे देऊन सेवेची पारख करण्याची सवय त्यालाही लागली आहे. तरीही येथील जुना ग्राहक समाधान बोलून दाखवत नाही आणि तक्रारही फारशी करत नाही. तो येणे थांबवतो, एवढेच. म्हणून येथे प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्या व्यवस्थापकांनी ‘सेवकाचे वागणे कसे होते’ हे विचारण्याआधी ग्राहक किती वर्षे येतो आहे आणि कोणाच्या सांगण्यावरून प्रथम आला, हे दोन प्रश्न विचारावेत, आणि ज्याला आपले नाव सांगायचे नाही त्याला न सांगण्याची मुभा ठेवावी.