आभाराच्या पानाबाहेर

पुस्तक हाती आलं की मी आभाराचं पान आधी वाचते. घरची माणसं, मित्र, प्रकाशक, मुद्रितशोधक. ती नावं तिथे असावीतच. पण माझं वाचन ज्यांच्या जिवावर चालतं, ती सगळी माणसं त्या पानावर मावत नाहीत. नागपुरात त्यांची आठवण सगळ्यात जास्त येते ती दसऱ्याला, दीक्षाभूमीवर.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. तेव्हापासून गावोगावची माणसं येतात आणि परतताना पिशवीत पुस्तक नेतात. ताडपत्रीखाली रचलेल्या ढिगांपुढे पाय ठेवायला जागा नसते. एकदा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजींनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' उचललं आणि विक्रेत्याला विचारलं, "याच्यातले अक्षरं मोठे हायेत का जी? मले वाचता येत नाही. बुढा रात्री वाचते, मी आयकतो." त्याने दोन आवृत्त्या शेजारी शेजारी उघडल्या. आजींनी दोन्ही पानांवरून बोट फिरवलं, ठळक ठशाची निवडली आणि पदराची गाठ सोडून नोटा दिल्या.

त्या बोटाखालच्या अक्षरामागे केवढी मेहनत आहे! जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या टायपासाठी राणोजी रावजी आरू यांनी अक्षरांचे ठसे कोरले, तेही उलटे. वेलांटी, रफार, जोडाक्षरं, एकेक. शिशाचे खिळे आता गेले. पण छापील देवनागरी कशी दिसावी, ही आपल्या डोळ्यांची सवय पुष्कळशी त्या हातांनी घडवलेली आहे.

आणि मजकूर तरी आपोआप थोडाच टिकतो? वसंत मून नागपूरच्याच वस्तीत वाढले; त्यांच्या आत्मकथनाचं नावही 'वस्ती'. सरकारी नोकरी करता करता त्यांनी बाबासाहेबांचं लिखाण जमवलं. महाराष्ट्र शासनाने ते छापायला घेतलं, १९७९ मध्ये पहिला खंड निघाला, आणि संपादनाचा भार मूनांनी उचलला. बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेलं कितीतरी लिखाण त्यामुळे आपल्याला वाचता येतं. ग्रंथालयात एखादी मुलगी चिठ्ठीवर खंडाचा क्रमांक लिहून देते आणि पाच मिनिटांत तो तिच्यापुढे येतो, हे पाहताना मला मूनांपुढे हात जोडावेसे वाटतात.

कागदाचं ऋण मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. चंद्रपूरच्या पुढे बल्लारपूरला कागदाचा मोठा कारखाना आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षं त्याच्या लगद्यासाठी गेला. जंगल गावाच्या दारात, पण तो बांबू विकायचा हक्क गावाला नव्हता. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाच्या ग्रामसभेने चिकाटी सोडली नाही. २००९ मध्ये तिला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती आला. माझ्या कपाटातली बरीच पुस्तकं त्याआधीची आहेत. त्यांतल्या कोणत्या पानात कोणत्या गावचा बांबू आहे, हे आता शोधता येणार नाही. मी त्या सगळ्याच गावांचं देणं लागते.