सेक्टर १७ मधली संध्याकाळ आणि राहिलेला एक फॉर्म

चंडीगडला मी फिरायला गेले असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं तर मी घरातल्या वादापासून चार दिवस लांब गेले होते. माझी ताई चंडीमंदिरला राहते, भावोजी लष्करात आहेत. मी नाशिकची, बीए इंग्रजी केलेली, दोन वर्षांपासून कंटेंट रायटर. बाबांच्या लेखी ही नोकरीच नाही. "बँकेची परीक्षा दे, आयुष्यभराची चिंता मिटेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फॉर्म भरायची शेवटची तारीख नेमकी माझ्या सुट्टीतच येत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई मला सेक्टर १७ मध्ये घेऊन गेली.

गाड्या नसलेला बाजार

सेक्टर १७ म्हणजे चंडीगडचं मध्यवर्ती ठिकाण. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि पंजाबला नवी राजधानी हवी होती, म्हणून हे शहर वसवलं गेलं. १९५१ पासून ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाच्या आराखड्यावर काम सुरू झालं. सेक्टर १७ चा मधला भाग त्यांनी पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवला. चारमजली काँक्रीटच्या इमारती, खाली खांबांचे लांबच लांब व्हरांडे, मध्ये मोठं फरसबंदी मैदान आणि कारंजं. हॉर्नचा आवाज नाही. मुलं मोकळी धावतात, आजी-आजोबा बाकांवर बसून गप्पा मारतात. आपल्याकडे बाजारात मुलाचा हात घट्ट धरावा लागतो, इथे तो सुटला तरी काळजी वाटत नाही.

मॉल आल्यापासून इथली गर्दी ओसरली, असं इथले लोक सांगतात. वर पाहिलं तर मजल्यामजल्यांवर परदेशी व्हिसाच्या आणि आयईएलटीएसच्या पाट्या. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. त्या पाट्यांखाली फायली घेऊन उभी असलेली मुलं माझ्याच वयाची होती. नाशिक असो की चंडीगड, घरोघरी प्रश्न एकच: पुढे काय करणार?

राहून गेलेला माणूस

हे शहर कॉर्ब्युझिएचं म्हणून ओळखलं जातं. पण ते अधूनमधून येत आणि परत जात. इथे राहून रोजचं काम पाहिलं ते त्यांचे चुलतभाऊ पिएर जान्नरे यांनी. घरं, शाळा, सरकारी इमारती, अगदी कचेऱ्यांतल्या सागवानी, वेताच्या खुर्च्यासुद्धा त्यांच्या देखरेखीखाली तयार झाल्या. जगभर नाव झालं ते भावाचं. तरीही जान्नरे १९६५ पर्यंत, तब्येतीने साथ सोडेपर्यंत, इथेच राहिले. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा इथल्या सुखना तलावात विसर्जित केली गेली. कामात जीव रमला होता, हे याहून वेगळं काय सांगायचं?

दिवसा नोकरी, रात्री बाग

तिसऱ्या दिवशी आम्ही सेक्टर १ मधल्या रॉक गार्डनला गेलो. सेक्टर १७ हून रिक्षाने फार वेळ लागत नाही.

ही बाग नेकचंद यांची. फाळणीत त्यांचंही गाव पलीकडे राहिलं. चंडीगडमध्ये ते सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नवं शहर उभारताना जुनी गावं पाडली गेली, त्यांचा राडारोडा ते सायकलवरून गोळा करायचे. फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा, मोडक्या वस्तू. १९५७ च्या सुमारास त्यांनी सुखना तलावाजवळच्या रानात, जिथे बांधकामाला बंदी होती, त्यांतून माणसं, प्राणी, पक्षी घडवायला सुरुवात केली. दिवसा नोकरी, रात्री हे काम. जवळजवळ अठरा वर्षं कोणाला पत्ता नव्हता.

१९७५ मध्ये सरकारला ही जागा सापडली, तेव्हा बाग सुमारे १२ एकरांवर पसरली होती. नियमाप्रमाणे ती पाडायला हवी होती. पण लोक बाजूने उभे राहिले, १९७६ मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली आणि नेकचंद यांना पगार व ५० मजूर देऊन तेच काम सोपवलं गेलं. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बांगड्यांच्या तुकड्यांनी सजलेल्या बाहुल्यांच्या रांगेपुढे मी बराच वेळ उभी होते. आवडीचं काम म्हणजे नोकरीवर लाथ मारणं, अशा गोष्टी आपण रोज मोबाईलवर वाचतो. मीही तशा बऱ्याच लिहिल्या आहेत! पण नेकचंद यांनी नोकरी सोडली नाही. त्या पगारावर घर चाललं आणि आवडीचं काम कोणाच्या शाबासकीवाचून वाढत राहिलं.

ताईचं म्हणणं

परतताना पुन्हा सेक्टर १७ मध्ये थांबलो. ताई शिक्षिका होती. बदल्यांमुळे तिला दोनदा नोकरी सोडावी लागली. मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. पहिल्या वेळी तर महिनाभर रडले," ती म्हणाली. "आता संध्याकाळी क्वार्टर्समधली आठ-दहा पोरं येतात गणित शिकायला. पैसे फारसे नाहीत. पण एखाद्याला भागाकार जमला ना, की दिवस चांगला जातो. तू तुझं बघ. लिहिलं नाहीस तर तुला चुकल्यासारखं वाटतं का?"

मी विचार केला. भाषांतराची, जाहिरातींची कामं नसली तर काही वाटत नाही. पण रोज रात्री वहीत दोन पानं लिहिली नाहीत, तर झोप लागत नाही.

त्या रात्री मी बाबांना फोन केला. "बाबा, फॉर्म भरतेय. अभ्यासही मनापासून करीन. पण लिहिणं सोडणार नाही. बँकेत लागले तरी नाही."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. पण लिहितेस काय, ते कधी दाखवलं नाहीस आम्हाला."

फॉर्म भरून झाल्यावर वही उघडली आणि सेक्टर १७ बद्दलचं पहिलं पान लिहिलं. हा लेख तिथूनच सुरू झाला. परीक्षेचा निकाल अजून यायचा आहे, लेख मात्र बाबांना आधीच पाठवला आहे.

तुम्ही चंडीगडला गेलात, तर सेक्टर १७ मध्ये उन्हं उतरल्यावर जा आणि खरेदीची घाई करू नका. एखाद्या बाकावर बसून स्वतःला ताईचा प्रश्न जरूर विचारा.