खोट्या लायकाचा खरा जन्म

आधी लेन्स काढायची. वर कोरलेलं नाव, त्याखालचा क्रमांक, कडांना उघडं पडलेलं पितळ, हे सगळं मागाहून. आट्यांची लेन्स फिरवत फिरवत सोडवली की समोर ३९ मिलिमीटरचं भोक उरतं आणि त्याच्या वरच्या कडेशी, अंधारात, एक इवलासा दांडा दिसतो. दांड्याच्या टोकाला वाटोळं चाक असेल, तर कॅमेरा जर्मनीतल्या वेट्झलारचा, म्हणजे खरा लायका. तिथे पाचरीसारखी जीभ असेल, तर वर ‘लायका’ हे नाव कितीही झोकात कोरलेलं असो, कॅमेऱ्याचा जन्म सोव्हिएत कारखान्यात झाला. पैठणी पारखणारी बाई पदर उलटून मागची बाजू बघते, तशीच ही रीत.

तो दांडा मला फार आवडतो. एवढासा, पण रेंजफाइंडर कॅमेऱ्याचा सगळा जीव त्याच्यात असतो. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही. पुढच्या अंगाला दोन छोट्या खिडक्या असतात, त्यांतून आलेल्या दोन प्रतिमा डोळ्याशी एकत्र येतात. नेम चुकलेला असेल तर समोरच्या माणसाच्या नाकाशेजारी एक फिकट, भुतासारखं दुसरं नाक दिसतं. लेन्सची कडी फिरवली की दांडा हलतो, दांड्यामुळे आतली काच वळते आणि ते भुताचं नाक सरकत सरकत खऱ्या नाकावर येऊन बसतं. मग खटका दाबायचा. बॅटरी नाही, विजेचा संबंध नाही.

ऑस्कर बार्नाक या कारागिराने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फितीवर चालणारा छोटा कॅमेरा घडवला आणि १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत तो ‘लायका’ या नावाने लोकांपुढे आला. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर त्यात आला १९३२ साली, ‘लायका २’ मध्ये. पुढे या नावाभोवती जी वलयं जमली, त्यांतलं एक आपल्या देशाशीही जोडलेलं आहे. ३० जानेवारी १९४८ला दिल्लीत गांधीजींची भेट घेऊन बाहेर पडलेल्या छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याकडे लायकाच होता. त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली आणि अंत्ययात्रेची छायाचित्रं त्यांनी काढली. नावाला असा इतिहास चिकटला की नावाची किंमत यंत्रापेक्षा वाढते, आणि जिथे नावाला किंमत तिथे नाव कोरणारा येतोच.

पण ज्या कॅमेऱ्यांवर तो हे नाव कोरतो, त्यांची हकिगत लायकाहून जास्त विलक्षण आहे. रशियातल्या क्रांतीनंतरच्या यादवीत आणि दुष्काळात लाखो मुलं पोरकी झाली, रेल्वे स्टेशनांवर आणि रस्त्यांवर वाढू लागली. अशा मुलांसाठी १९२७ साली युक्रेनमधल्या खारकीव्हजवळ एक श्रम-वसाहत निघाली. तिची धुरा अंतोन माकारेंको या शिक्षकाकडे होती. मुलं अर्धा दिवस शिकत, अर्धा दिवस कारखान्यात काम करत. आधी त्यांनी विजेवर चालणारी ड्रिल यंत्रं बनवली. मग कुणाच्या तरी मनात आलं की लायकाच बनवावा. लायका सुटा केला, भाग मोजले, नकला केल्या आणि १९३४पासून तो कॅमेरा नियमित तयार होऊ लागला. त्याचं नाव ‘फेद’. सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की यांची ही आद्याक्षरं. वसाहतही त्यांच्याच स्मरणार्थ आणि पोलीस खात्याच्याच छत्राखाली. म्हणून सुरुवातीच्या फेदवर वसाहतीच्या नावाबरोबर एनकेव्हीडी ही त्या खात्याची अक्षरंही कोरलेली सापडतात. ज्या खात्याने असंख्य घरं उद्ध्वस्त केली, त्याच खात्याचं नाव अनाथ पोरांनी घडवलेल्या कौटुंबिक फोटोंच्या यंत्रावर! माझ्या मते विसाव्या शतकाबद्दल इतकं बोलणारी पितळेची पट्टी दुसरी नसेल.

त्या फेदमध्ये दोष होते. युद्धाआधीच्या फेदची लेन्स बहुतेक वेळा त्याच एका कॅमेऱ्याला जुळवलेली असे. शेजारच्या फेदवर ती नीट चालेलच असं नाही. १९४१ साली जर्मन फौजा आल्या, कारखाना सैबेरियात हलवला गेला. युद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला हेच रूप पुन्हा जन्मलं. १९४८च्या पहिल्या काही कॅमेऱ्यांवर ‘फेद झोर्की’ अशी दोन्ही नावं आहेत, पुढे नुसतं ‘झोर्की’ राहिलं.

सोव्हिएत संघ मोडला तेव्हा असे कॅमेरे ढिगांनी बाहेर आले. कुणीतरी त्यांची वरची पट्टी घासून गुळगुळीत केली, त्यावर लायका कोरलं, सोन्याचा मुलामा दिला, अंगाला सापाच्या कातडीसारखं काहीतरी चिकटवलं आणि वर गरुड, स्वस्तिक, नाही तर १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकची कडी काढून दिली. मुंबईत मटन स्ट्रीटवर अशाच एका सोनेरी तुकड्यापुढे मी उभा होतो. “साहेब, हिटलरच्या जमान्यातला पीस आहे,” दुकानदार म्हणाला. कॅमेरा होता झोर्की. म्हणजे ऑलिंपिक होऊन गेल्यावर बारा वर्षांनी ज्याचा पहिला भाऊ जन्मला, तो! दुकानदाराची फसवाफसवी असेल असं मला वाटलं नाही. त्यालाही तो कुणीतरी याच भाषणासकट विकला असावा.

सोनेरी लायका मुळात नव्हताच असं मात्र नाही. १९२९ ते १९३१च्या दरम्यान ‘लक्सस’ नावाचे शंभराच्या आतबाहेर कॅमेरे निघाले, सोन्याचा मुलामा आणि सरड्याच्या कातडीसह. पण ते ‘लायका १’ घराण्यातले, मूळचे बिनरेंजफाइंडरचे. त्यामुळे सोनेरी अंगावर रेंजफाइंडरच्या खिडक्या दिसल्या की आधी शंका घ्यावी. दुसरी खूण लेन्समध्ये असते. लायकाच्या खऱ्या एल्मार लेन्सचा पडदा, म्हणजे ॲपर्चरच्या पात्या, पहिल्या भिंगाच्या लगेच मागे बसतो. झोर्कीवरच्या इंडस्टार-२२ मध्ये तो दुसऱ्या भिंगाच्याही मागे. लेन्सवर ‘एल्मार’ कोरता येतं, पात्या पुढे आणता येत नाहीत.

क्रमांकावर विसंबणाऱ्यांची मात्र मला कीव येते. लायका बनवणारी लायट्झ कंपनी गिऱ्हाइकाचा जुना कॅमेरा परत घेऊन त्यात नवी सुधारणा बसवून देत असे आणि क्रमांक जुनाच ठेवत असे. त्यामुळे १९२०च्या दशकातला क्रमांक आणि १९३०च्या दशकातला रेंजफाइंडर एकाच देहात अगदी प्रामाणिकपणे नांदू शकतात. उलट, युद्धकाळातल्या ‘लायका ३सी’ मध्ये क्रमांकापुढचं एक ‘के’ अक्षर किंवा शटरचा लाल पडदा भाव कितीतरी चढवतो. ‘के’ म्हणजे शटरला बसवलेले बॉल बेअरिंग. फोटोत त्याने तसूभर फरक पडत नाही. आणि टोकच बघायचं तर २०२२ साली वेट्झलारच्या लिलावात विक्रीआधीच्या चाचणी-मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोला गेला. तो बार्नाक यांचा स्वतःचा होता, व्ह्यूफाइंडरवर त्यांचं नाव आहे. ही किंमत कॅमेऱ्याची नव्हे, पादुकांची आहे. तिच्याबद्दल तक्रार नाही, फक्त तिला यंत्राचं मोल म्हणू नये.

मला राग येतो तो नकलेचा नाही. फेद तर जन्मतःच नक्कल होती, आणि ती करणाऱ्या पोरांनी ती नावानिशी, ठिकाणानिशी केली. राग येतो घासणाऱ्याचा. लायका कोरण्यासाठी त्याने जे पुसलं, त्यात एखाद्या वसाहतीचं नाव असू शकतं, एखादं दुर्मीळ ‘फेद झोर्की’ असू शकतं. ज्या पट्टीसाठी संग्राहकाने आज आपणहून जास्त पैसे मोजले असते, तीच त्याने कानशीने खरवडून टाकली. नीतीचं सोडा, हा धंद्याच्या हिशेबातही मूर्खपणा आहे.

साधा, न घासलेला झोर्की आजही त्या मानाने स्वस्तात मिळतो. घेताना शटरचा कापडी पडदा उजेडाकडे धरून बारीक भोकं तपासा, कळ दाबायच्या आधी रोल पुढे सरकवून शटर भरून घ्या, लांबच्या दिव्यावर नेम धरून दोन प्रतिमा जुळतात का ते बघा. जुळल्या तर त्यात ब्लॅक अँड व्हाइट रोल घाला. आणि पुढे कधी विकायची वेळ आली, तर पाटीवर झोर्कीच लिहा.