वर्गणी की तिकीट?

गेल्या महिन्यात जोडून सुट्टी आली तसा आंजर्ल्याला पळालो. ताम्हिणी, माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड करत पोचेस्तोवर दुपार टळली होती. ऑफिसातल्या लोकांना आंजर्ले म्हटलं की कड्यावरचा गणपती आणि कासवं आठवतात. मला आजी आठवते.

आजी आता ८१ वर्षांची आहे. काचबिंदूने नजर जवळजवळ गेली. जन्मभर दिवाळी अंकांचा फडशा पाडणारी बाई, नुसती बसून राहायला लागली होती. चार वर्षांपूर्वी मी तिला फोन घेऊन दिला आणि त्यात मराठी पॉडकास्ट लावून दिले. त्यातला एक तिला फारच आवडला. एक बाई दर आठवड्याला साध्या, घरगुती गोष्टी सांगतात. रेंज फक्त पडवीत येते, म्हणून फोनचा मुक्कामही पडवीत. दुपारी शेजारच्या दोघी काकू येतात, कोणी कोकमं फोडतं, कोणी वाती वळतं, आणि तिघी मिळून ऐकतात.

या वेळी मात्र पडवीत सामसूम.

"काय गं, आज गोष्टी नाहीत?"

"बिघडलंय रे ते तुझं यंत्र. ती बाई दोन मिनिटं बोलते आणि मग पैसे मागते."

फोन बघितला. यंत्र ठणठणीत होतं. पॉडकास्टच सशुल्क झाला होता, महिना ९९ रुपये. जुने सगळे भागही कुलुपात. मनात पहिलं वाक्य काय आलं ते प्रामाणिकपणे सांगतो: "च्यायला, हिलाही आता पैसे हवेत!"

आता इथे नेहमीचा युक्तिवाद असा असतो की तुम्ही कॉफीवर दोनशे रुपये उडवता, मग इथे शंभर का जड जातात? मला तो कधीच पटला नाही. कॉफी कालपर्यंत फुकट नव्हती. चार वर्षं फुकट मिळालेल्या गोष्टीचे पैसे मागितले की रक्कम नाही टोचत, काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं.

पण मी काही भोळा श्रोता नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी आणि माझ्या एका मित्राने पॉडकास्ट सुरू केला होता. अर्ध्या तासाचा भाग. बोलायला मजा यायची, पण मग "म्हणजे", "अं...", कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारचं ड्रिलिंग कापण्यात सबंध रविवार जायचा. तीन भागांत आमचं दुकान बंद! या बाईंनी चार वर्षं दर आठवड्याला हे केलं, आणि मी एक रुपया दिला नाही. साधं "छान झालाय भाग" असंही कळवलं नाही.

पॉडकास्ट फुकट का होते, याचं उत्तर त्यांच्या घडणीतच आहे. पॉडकास्ट म्हणजे मुळात एक आरएसएस फीड. एक साधी यादी, तिच्यात प्रत्येक भागाच्या ऑडिओ फाइलचा पत्ता. कुठल्याही ॲपने यादी वाचावी, फाइल उतरवावी. मधे दरवान नाही. ॲपलने २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले, तेही अशा याद्या गोळा करूनच. २०२४ मध्ये गुगल पॉडकास्ट बंद झालं तरी कार्यक्रम मेले नाहीत, लोकांनी याद्या उचलून दुसऱ्या ॲपमध्ये नेल्या. पैसे मागायचे तर मात्र दरवान बसवावा लागतो, आणि तो आपला वाटा घेतो. ॲपलने २०२१ मध्ये सशुल्क पॉडकास्ट आणले तेव्हा पहिल्या वर्षी ३० टक्के आणि त्यानंतर १५ टक्के कमिशन ठेवलं. म्हणजे श्रोत्याचे शंभर रुपये सांगणाऱ्यापर्यंत शंभर म्हणून पोचतच नाहीत.

दुसऱ्या बाजूला, "फुकट आहे, चाललंय ना" याचा शेवट काय होतो ते आमच्या धंद्याने पाहिलंय. ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर अर्ध्याअधिक इंटरनेटची कुलपं सांभाळत होतं. २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं, तेव्हा जगाला कळलं की हे काम मूठभर लोक करतात आणि त्यांना वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळतात. मग मोठ्या कंपन्या पैसे घेऊन धावल्या. वापरत सगळेच होते, पण "दुसरा कोणीतरी देत असेल" असंच सगळ्यांना वाटत होतं.

संध्याकाळी आजीला हे सगळं माझ्या परीने समजावलं. तिला वाईट वगैरे काही वाटलं नाही. म्हणाली, "तुझ्या आजोबांनी रेडिओ घेतला तेव्हा त्याचं लायसन असायचं. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे. ऐकायचे पैसे आम्हाला नवीन नाहीत." खरंच आहे. रेडिओचं लायसन १९८० च्या दशकाच्या मध्यावर रद्द झालं. त्यानंतर जन्मलेल्या आमच्या पिढीला ऐकणं म्हणजे फुकटच, असं वाटत आलं.

मग थोडं थांबून म्हणाली, "पण देवळात कीर्तन होतं ना, त्यात बुवा आधी गातात आणि मग ताट फिरतं. या बाईने ताट आधी फिरवलंन."

मी आयटीत सात वर्षं काढली, पण पेवॉलची इतकी नेमकी व्याख्या कोणी केलेली ऐकली नव्हती :-)

ताटाची गंमत अशी की ज्याच्याकडे असतं तो टाकतो, नसतं तो नमस्कार करतो, पण कीर्तन दोघंही ऐकतात. आणि बुवांची बिदागी ताटातल्या चिल्लरीवर अवलंबून नसते. उत्सवाची वर्गणी आधीच गोळा झालेली असते. वर्गणी! आपल्याकडे मासिकाची असते ती वर्गणी आणि उत्सवाची असते तीही वर्गणीच. साने गुरुजी आमच्याच दापोली तालुक्यातल्या पालगडचे. त्यांनी १९४८ मध्ये सुरू केलेलं 'साधना' साप्ताहिक आजही निघतं. अशी नियतकालिकं टिकली ती वर्गणीदारांच्या जिवावर, पण वाचनालयात तोच अंक फुकट वाचणाऱ्याला कोणी हटकलं नाही. तिकीट म्हणजे "माझ्यापुरतं". वर्गणी म्हणजे "हे चालू राहावं म्हणून".

माझं मत आता असं आहे. ज्याला परवडतं त्याने पॉडकास्टचे पैसे द्यावेत, अगदी न मागता. आणि करणाऱ्यांनी शक्य तर नवे भाग वर्गणीदारांना आधी द्यावेत, पण जुने सगळ्यांना उघडे ठेवावेत. सगळंच कुलपात गेलं की पहिला बाहेर पडतो तो पैसे नसलेला नव्हे, तर ओटीपीचा आकडा न दिसणारा. आणि परवडणारे आपण ताट पुढे सरकवत राहिलो, तर त्या बाईंनी कुलूप लावलं म्हणून त्यांना दोष देण्याचा हक्क आपल्याला नाही. ते कुलूप थोडंफार मीच लावलंय.

रात्री मी वर्षाचे पैसे भरायला फोन काढला, तर आजीने चाचपत कमरेचा बटवा सोडला आणि पाचशेच्या तीन नोटा काढल्या. कोणती नोट कितीची ते ती लांबीवरून ओळखते.

"अगं, राहू दे. मी भरतोय ना."

"तुझे तू भर. तूही ऐकतोस ना? हे माझे." मग जरा खालच्या आवाजात, "आणि त्या दोघींचे वेगळे द्यावे लागतील का रे?"

नियमांत 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, नाही लागणार.

दोन वर्गण्या भरल्या, एक तिची, एक माझी. आणि चार वर्षं राहिलेली एक ओळ त्या बाईंना लिहून पाठवली. जुन्या भागांचं काय करता येईल तेही विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही. पडवीत मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी तिघी जमल्या होत्या.