मुदत न लिहिलेला निर्बंध

रुग्णालयातून घरी जाताना रुग्णाच्या हाती जो कागद पडतो, तो माझ्या मते एक आदेशच असतो. त्यावर क्रमांक असतो, दिनांक असतो, सही-शिक्का असतो आणि अमुक करावे, तमुक करू नये अशा सूचना असतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत मला पेसमेकर बसवण्यात आला, तेव्हा मिळालेल्या कागदावर औषधांची तपशीलवार यादी होती. कोणती गोळी सकाळी, कोणती रात्री, किती दिवस, सारे काही होते. त्याखाली हालचालींबद्दल एकच ओळ होती : डाव्या हाताची हालचाल व श्रमाची कामे टाळावीत. किती दिवस टाळावीत, का टाळावीत आणि श्रमाचे काम म्हणजे नेमके कोणते, याचा उल्लेख नव्हता. गोळ्यांना मुदत होती, निर्बंधाला नव्हती. शासकीय टिपणे लिहिण्या-वाचण्यात तीस वर्षे गेल्यामुळे माझे लक्ष औषधांच्या आधी या ओळीकडे गेले.

ज्यांच्या घरात हा प्रसंग आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विजेचा एक सूक्ष्म संदेश जात असतो व त्याच्या तालावर हृदय आकुंचन पावते. माझ्या बाबतीत हा संदेश वाटेतच अडू लागला होता. नाडीचे ठोके मिनिटाला पस्तीसच्या आसपास आले आणि एका बैठकीनंतर जिन्यात मला भोवळ आली. यावर औषध नाही. उपाय पेसमेकर हाच. गळ्याच्या हाडाखालची जागा बधिर करतात, तेथील शिरेतून एक किंवा दोन तारा हृदयापर्यंत नेतात आणि वीस-तीस ग्रॅम वजनाचे यंत्र कातडीखाली केलेल्या खिशात ठेवून टाके घालतात. तासा-दीड तासाचे काम. मी पूर्ण शुद्धीवर होते व डॉक्टरांचे आपसातले बोलणे ऐकत होते.

निर्बंधाचे कारण यंत्रात नसून तारांत आहे. तारेच्या टोकाला बारीक मळसूत्र किंवा आकड्यांसारखे दाते असतात व त्यांच्या आधारे ती हृदयाच्या आतल्या भिंतीत रुतवलेली असते. पहिले काही दिवस हा आधार कच्चा असतो. पुढे टोकाभोवती तंतुमय पेशींचे वेष्टण तयार होते आणि तार जागच्या जागी पक्की बसते. यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात हात खांद्याच्या वर नेला, झटका दिला किंवा जड वस्तू ओढली, तर तारेवर ताण येऊन तिचे टोक सरकू शकते. असे शंभरात दोन-तीन रुग्णांच्या बाबतीत घडते व बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांतच घडते. मग पुन्हा शस्त्रक्रिया. म्हणजे निर्बंध आवश्यक आहे, सकारण आहे, आणि त्याच कारणामुळे त्याला शेवटही आहे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १२३ खाली काढलेला अध्यादेश संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी आपोआप संपतो, हे प्रशासनातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. माझ्या डाव्या हातावरचा अध्यादेशही सहा आठवड्यांचा होता, एवढेच कागदावर लिहायचे राहिले होते.

आठव्या दिवशी जखम दाखवायला गेले, तेव्हा मी डॉक्टरांना तीन प्रश्न लिहूनच नेले होते : काय करायचे नाही, का, आणि कोणत्या तारखेपर्यंत. त्यांनी पाच मिनिटांत अत्यंत स्पष्ट उत्तरे दिली. डावे कोपर खांद्याच्या पातळीच्या वर नेऊ नये. डाव्या हाताने चार-पाच किलोंहून अधिक वजन उचलू नये, ओढू नये, ढकलू नये. जखम पूर्ण भरेपर्यंत तिच्यावर पाणी घेऊ नये. सूज, लाली, पू किंवा ताप आल्यास, पुन्हा भोवळ आल्यास आणि उचकी लागून थांबेनाशी झाल्यास लगेच यावे. उचकीचे मला नवल वाटले. आमच्याकडे उचकी लागली की कोणीतरी आठवण काढली असे समजून आपण पाणी पितो. येथे तिचा अर्थ निराळा असू शकतो : तारेचे टोक सरकून विजेचा ठोका श्वासपटलाला बसत असण्याची शक्यता असते.

हे नियम ऐकायला सोपे वाटतात. दिल्लीच्या हिवाळ्यात आणि साडीत ते पाळणे निराळे. यंत्र डावीकडे, पदरही डावीकडे. ब्लाऊजचा काठ नेमका टाक्यांवर येतो व पदराला लावायची पिन जखमेच्या वर बोटभर अंतरावर. डोक्यावरून घालायचा स्वेटर बाद, कारण त्यासाठी दोन्ही हात वर न्यावे लागतात. पुढून बटणांचाच हवा. अंबाडा घालण्यासाठी दोन्ही कोपरे कानांच्या वर जातात, हे आयुष्यात प्रथमच माझ्या लक्षात आले. सहा आठवडे माझे केस यजमानांनी बांधले आणि कार्यालयात कोणी त्याबद्दल काही बोलले नाही, यावरून ते बरे बांधत असावेत. जाड रजई अंगावर ओढून घेणे, कपाटाच्या वरच्या फळीवरून डबा काढणे, गव्हाच्या पिठाची पिशवी उचलणे, हे सारे या नियमांत येते. पण छापील सूचनांत ‘श्रमाची कामे’ म्हणून ज्यांची कल्पना केलेली असते, त्यांत यातले एकही नसते.

दुसरी बाजू मात्र कागदावर तर नसतेच, बहुधा तोंडीही सांगितली जात नाही. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही याचा अर्थ हात हलवायचाच नाही असा नव्हे. हात झोळीत बांधून किंवा छातीशी धरून कित्येक आठवडे निश्चल ठेवला, तर सांधा आखडतो. ज्याला सर्वजण फ्रोझन शोल्डर म्हणतात, तो प्रकार होतो आणि त्यातून बाहेर यायला महिने लागतात. म्हणून कोपर, मनगट व बोटे पहिल्या दिवसापासून हलवायची असतात आणि खांदाही ठरलेल्या मर्यादेत हळूहळू फिरवायचा असतो. सांगलीहून माझ्या नणंदेचा रोज फोन येई, “वहिनी, हात अजिबात हलवू नका हं!” तिच्या मायेबद्दल शंका नाही. परंतु दूर राहणाऱ्यांची माया नेहमी मनाईच्या रूपानेच व्यक्त होते, हे घरापासून लांब राहणाऱ्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

केंद्रीय आरोग्य योजनेच्या आमच्या दवाखान्यात औषधांच्या रांगेत मला एक मराठी गृहस्थ भेटले. लेखा विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, मूळचे अकोल्याकडचे. त्यांना तीन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला होता. डावा हात शरीराला चिकटवून ते उभे होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, “मॅडम, जड उचलायचं नाही म्हणून सांगितलंय ना. तेव्हापासून या हातानं काही करत नाही.” कोणत्या तारखेपर्यंत, असे त्यांनी विचारले नव्हते व कोणी सांगितलेही नव्हते. ते तीन वर्षे उजव्या कुशीवर झोपत होते. घरात मिक्सर सुरू झाला की ते दुसऱ्या खोलीत जात. शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचा नातू दोन वर्षांचा होता. त्याला त्यांनी त्यानंतर एकदाही उचलून घेतलेले नव्हते. मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे जायचा आग्रह केला. ते गेले. यंत्र ठीक होते, तारा ठीक होत्या, फक्त खांदा कानापर्यंत येत नव्हता. आता ते भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम करतात व हात बराच वर जाऊ लागला आहे. नातू पाच वर्षांचा झाला आहे आणि आता तो स्वतःच कडेवर यायला तयार नसतो.

असे का होते? मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने मला यात डॉक्टरांची बेपर्वाई दिसत नाही, प्रोत्साहनांची रचना दिसते. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर जो लेख लिहिला, त्यात डॉक्टर व रुग्ण यांच्याजवळील माहितीतील तफावत हा मुख्य मुद्दा होता. तो एम. ए. ला आम्ही परीक्षेपुरता वाचला. रुग्ण झाल्यावर तो समजला. तार सरकली तर ती क्ष-किरणांत दिसते, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, नोंद होते व विचारणा होते. खांदा आखडला तर तो घरी आखडतो, सहा महिन्यांनी आखडतो आणि रुग्ण हाडांच्या डॉक्टरांकडे जातो. पहिल्या नुकसानीचा हिशेब सूचना देणाऱ्याच्या नावावर पडतो, दुसऱ्याचा कोणाच्याच नाही. मग सूचना अतिसावध होणार, हे ओघानेच आले. आमच्या कार्यालयांतही याहून निराळे काय घडते? परवानगी देऊन काही बिघडले तर चौकशी होते. परवानगी नाकारल्यामुळे जे घडलेच नाही, त्याची चौकशी कधीच होत नाही. २०१४ नंतर दीड हजारांच्या घरातील कालबाह्य केंद्रीय कायदे रद्द करावे लागले, कारण ते करताना त्यांचा शेवट कोणी लिहिला नव्हता.

पेसमेकरच्या भोवतीही असे कालबाह्य कायदे आहेत. मायक्रोवेव्हजवळ उभे राहू नये, ही सूचना जुन्या यंत्रांच्या काळातली. आजच्या यंत्रांना घरातील मायक्रोवेव्ह, मिक्सर, दूरदर्शन संच यांपासून नेहमीच्या वापरात धोका नाही. उलट ज्या गोष्टी नव्याने घरात आल्या, त्यांची माहिती सांगितली जात नाही. इंडक्शनची शेगडी चालू असताना यंत्र तिच्यापासून सुमारे ६० सेंटिमीटर दूर असावे, म्हणजे तिच्यावर वाकून फोडणी परतू नये. मोबाइल फोन १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, उजव्या कानाला लावावा आणि डाव्या बाजूच्या खिशात ठेवू नये. अलीकडच्या काही फोनमध्ये लोहचुंबक असतात व ते यंत्राच्या अगदी जवळ आल्यास त्याची कार्यपद्धती तात्पुरती बदलू शकते. विमानतळावर किंवा मेट्रोच्या फाटकात चौकटीतून नेहमीच्या चालीने निघून जावे, तेथे रेंगाळू नये. हातातला शोधक छातीवर धरून ठेवू देऊ नये. पेसमेकरचे ओळखपत्र दाखवून हाताने तपासणी करावी अशी विनंती करावी. माझा अनुभव असा की ओळखपत्र पाहिल्यावर सुरक्षा दलाच्या मुली माझ्यापेक्षा जास्त काळजी घेतात.

सहा आठवड्यांनंतरही राहतात असे निर्बंध थोडे आहेत व ते मान्य करण्यासारखे आहेत. छातीवर मार बसेल असे खेळ, म्हणजे कबड्डी किंवा कुस्ती, टाळावेत. विजेच्या वेल्डिंगचे काम करणाऱ्याने डॉक्टरांशी सविस्तर बोलल्याशिवाय कामावर परतू नये. त्वचेखालचे यंत्र चाळा म्हणून बोटांनी फिरवू नये. त्याने तारा गुंडाळल्या जाऊन ओढल्या जातात. हा प्रकार वैद्यकीय वाङ्मयात १९६८ पासून नोंदलेला आहे. बाकी चालणे, पोहणे, प्रवास, सूर्यनमस्कार, सारे काही डॉक्टरांनी होकार दिल्यावर परत येते. पेसमेकर बसवलेला पहिला माणूस स्वीडनचा आर्ने लार्सन. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये बसवलेले त्याचे पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पुढे एकूण २६ यंत्रे बदलत तो २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगला. आपल्याला आता एक यंत्र आठ-दहा वर्षे किंवा अधिकही पुरते.

कामावर परतण्याचा प्रश्न हा आमच्या नियमांचा प्रश्न आहे. १९७२ च्या केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियमांनुसार वैद्यकीय कारणास्तव घेतलेल्या रजेवरून परतताना तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो. त्याच्या नमुन्यात कर्मचारी कामास योग्य आहे, एवढेच म्हणण्याची सोय आहे. टेबलाचे काम करण्यास योग्य, परंतु अमुक तारखेपर्यंत वजन उचलण्यास अयोग्य, असे म्हणायला जागा नाही. परिणामी लोक एकतर गरजेपेक्षा जास्त दिवस घरी बसतात, आणि परिवर्तित रजेच्या प्रत्येक दिवसामागे अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खर्ची पडतात. किंवा लवकर येतात व पहिल्याच दिवशी फायलींचा गठ्ठा उचलतात. अधिकाऱ्याच्या फायली दुसरे कोणीतरी उचलते, तेव्हा मला तिसऱ्या आठवड्यात परतता आले. परंतु आमच्याच मजल्यावर फायली वाहून नेणाऱ्याला पेसमेकर बसला असता, तर त्याच्या दाखल्यावरही तेच एक वाक्य असते. वाहन चालवण्याचेही तसेच. ब्रिटनमध्ये पेसमेकरनंतर खासगी गाडीसाठी एक आठवडा आणि बस किंवा ट्रक चालवणाऱ्यासाठी सहा आठवडे, असा फरक नियमातच केलेला आहे. कामाप्रमाणे मुदत वेगळी ठेवणे एवढे अवघड नसते.

डॉक्टरांनी मला सांगितले ते मी एका पानावर तीन रकान्यांत लिहून काढले : काय, का, कधीपर्यंत. तिसऱ्या रकान्यात तारीख लिहायला जागा मोकळी सोडली आहे. ती डॉक्टरांनी स्वतः भरावी, कारण प्रत्येकाची जखम व तारा वेगळ्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ते पान दाखवले, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, ती केली. दवाखान्याच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रत ठेवून घेतली आहे आणि हिंदीत मागितली आहे. हिंदी रूपांतर त्या अकोल्याच्या गृहस्थांनी करायला घेतले आहे. गेल्या शनिवारी त्यांचा फोन आला होता की ‘कधीपर्यंत’चा रकाना त्यांनी तिसऱ्यावरून पहिला केला आहे, चालेल का.